दहाच्या नोटेवर चांदणी आणि आकड्यांमागे 'एल': काही किंमत आहे का?

मुक्ता_डोंबिवली:
आईचं कपाट आवरताना पोथीत ठेवलेल्या काही नोटा सापडल्या. बहुतेक गांधीजींच्या चित्राच्या दहाच्या. त्यातल्या दोन शेजारी ठेवल्या तर दोन्हींवर सही तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डींचीच, पण एकीच्या आकड्यांमागे फिकट 'एल' अक्षर आहे, दुसरीवर ते नाही. तिसरीच्या क्रमांकात तर मध्येच चांदणी! छपाई चुकलीय का? एक रुपयाचीही एक नोट आहे, तिच्यावर गव्हर्नरची सहीच नाही. आणि शेवटी ७८६ असलेली एक पन्नासची. हिचा फोटो एका जाहिरातीखाली टाकला तर लगेच फोन, "तीन लाख देतो, आधी नोंदणी फी भरा." भरली नाही. जाणकारांनी सांगावं.

बंड्या७१:
७८६ वाली सोडू नका ताई. आमच्याकडे एकाला पन्नास हजार मिळाले म्हणे.

निवृत्त_रोखपाल:
"म्हणे" वरच हा सगळा बाजार चालतो, बंड्या. एका प्रीफिक्समध्ये, म्हणजे क्रमांकाच्या सुरुवातीच्या तीन अक्षर-अंकांच्या एका जोडणीत, दहा लाख नोटा. त्यात शेवटी ७८६ येणाऱ्या एक हजार. असे प्रीफिक्स किती छापले ते मोजत बसा. श्रद्धेने घेणारा चार पैसे जास्त देईल, तेवढंच. मुक्ताताई, फी भरली नाहीत ते झकास केलंत. जुन्या नोटांच्या व्यवहारात आपण कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.

आता चांदणी. पूर्वी छापखान्यात नोट खराब निघाली की त्याच क्रमांकाची दुसरी छापून तिच्या जागी घालत. २००६ पासून ही कटकट संपवली. खराब नोटेच्या जागी स्टार नोट, प्रीफिक्स आणि आकडे यांच्यामध्ये चांदणी. सुरुवात दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांपासून झाली. कोरं पॅकेट अंगठ्याने फर्रकन सोडलं की शेवटचे आकडे जिना चढल्यासारखे एकेक वर जातात. स्टारच्या पॅकेटात हा क्रम तुटायचा. नोटा शंभरच, पण क्रमाने नाहीत, आणि तशी सूचना पट्टीवर. तरी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी काउंटरवर हजर, "साहेब, ही खोटी दिलीत." तेव्हा तुमची नोट चुकीची नाही, चुकलेल्या नोटेची बदली आहे. संग्राहक तिला मागणी करतात, पण कोरी असेल तरच.

'एल' ला इनसेट म्हणतात. सही तीच, वर्ष तेच, पण इनसेट वेगळं की संग्राहकांच्या लेखी नोट वेगळी. काही सह्यांसोबत एखादं अक्षर फार थोडं छापलं गेलंय, खरी मजा तिथे आहे. म्हणून कुठलीही नोट हातात आली की सही, इनसेट आणि मागे तळाशी छापलेलं वर्ष बघा. वर्ष नसेल तर बहुधा २००५ च्या आधीची. (ही नोट नाशिकरोडची, देवासची, म्हैसूरची की सालबोनीची, असं विचारणारे भेटतात. छापखान्याचं नाव नोटेवर नसतं.)

एकची नोट रिझर्व्ह बँकेची नव्हे, भारत सरकारची. म्हणून तिच्यावर वित्त मंत्रालयाच्या सचिवांची सही. १९९४ ला छपाई थांबली, २०१५ ला पुन्हा सुरू झाली. तुमच्या नोटेवर वर्ष कुठलं आणि सही कुणाची?

कोपरा_दुमडला:
काकांना +१. मुक्ता, खऱ्या छपाईतल्या चुकाही असतात, मी त्याच जमवतो. आधी पार्श्वभूमीचे रंग, मग बोटाला जाणवणारी उठावाची छपाई, आणि क्रमांक अगदी शेवटी. त्यामुळे सगळं नीट असून क्रमांकच गायब, किंवा दोन्हीकडचे क्रमांक वेगळे, असं घडू शकतं. कापताना कोपरा दुमडलेला राहिला तर नोटेला जादा कागदाचा पंख फुटतो, त्याला बटरफ्लाय म्हणतात. मात्र रसायनाने शाई उडवून 'मिसप्रिंट' विकणारे महाभागही आहेत. शाई नाही पण उठाव हाताला लागतोय, तर नमस्कार करून निघायचं.

आणि १००००००! प्रीफिक्समधली शेवटची नोट, तिलाच सात आकडे. मला अजून मिळालेली नाही.

मुक्ता_डोंबिवली:
एकच्या नोटेवर १९७८. सही… मनमोहन सिंग?! तेच का हे?
चुरगळलीय थोडी. इस्त्री फिरवू का? की लॅमिनेट करू?

निवृत्त_रोखपाल:
तेच. तेव्हा ते वित्त मंत्रालयात सचिव होते.

इस्त्री नको, लॅमिनेशन तर अजिबात नको, धुणंही नको. घडी मोडली की संग्राहकाला कागदाचं भुसभुशीतपण लगेच कळतं, वर चकाकी गेली ती गेलीच. पोथीतून मात्र आजच काढा, जुन्या कागदातलं आम्ल नोटेला पिवळी करतं. पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट घ्या, पीव्हीसीचं नको. आणि नोट उजेडासमोर धरा. २००१ पर्यंत बँकांत पॅकेटं सर्रास स्टेपल व्हायची, त्यामुळे जुन्या नोटांना डावीकडे भोकं असतात. ती पाहूनच घासाघीस सुरू होते.

पुढे कधी जुनी शंभरची दिसली तर सही जरूर वाचा. १९८२ ते ८५ हेच मनमोहन सिंग रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. एकावर सचिव, शंभरावर गव्हर्नर, सही त्याच माणसाची. तुमची अर्धी जोडी झालेली आहे.