‘नाइस’ हे विशेषण लेखनातून वगळावे का?

प्रस्ताव : इंग्रजीतल्या ‘नाइस’ या विशेषणाला आज अर्थ म्हणावा असा उरलेला नाही, असे माझे मत आहे. हवा, माणूस, पत्र, स्वभाव या सगळ्यांना तेच एक विशेषण लावले, की बोलणाऱ्याची तक्रार नाही एवढेच काय ते कळते. वास्तविक या शब्दाला ‘काटेकोर, सूक्ष्म’ असा नेमका अर्थ होता आणि ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे बारीक भेद, या प्रयोगात तो अजून टिकून आहे. एका मसुद्यात त्याचे भाषांतर ‘छान फरक’ असे केलेले मी नुकतेच पाहिले. त्यापायी परिच्छेदातला सगळा युक्तिवादच कोसळला होता. म्हणून जुना अर्थ तेवढा राखावा आणि नवा निदान लेखनात तरी टाळावा.

प्रतिसाद १ : जुना म्हणजे किती जुना, हे आधी ठरवावे लागेल. लॅटिनमधील ‘नेस्कियुस’, म्हणजे अज्ञानी, या शब्दापासून निघून जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता. पुढे तो ‘चोखंदळ’ झाला, ‘सूक्ष्म’ झाला आणि अठराव्या शतकात ‘सुखद’ या अर्थी रुळू लागला. आपण वाटेतल्या मुक्कामालाच मूळ गाव समजत आहात. व्युत्पत्तीच प्रमाण मानायची, तर कोणाला ‘नाइस’ म्हणणे ही शिवी ठरेल! ‘सिली’चा प्रवास तर नेमका उलटा, ‘धन्य’पासून ‘खुळा’पर्यंत. आपल्याकडे धर्मशास्त्रात ‘साहस’ हा बळजबरीचा गुन्हा होता. आज त्याच साहसाबद्दल आपण पाठ थोपटतो आणि कोणाचे काही अडत नाही.

प्रतिसाद २ : अर्थच उरला नाही, हेही पटत नाही. ‘नाइस अँड वॉर्म’ म्हणताना दोन गुण सांगितलेले नसतात. आपण ‘छानपैकी ऊबदार’ म्हणतो, तसा पहिला शब्द दुसऱ्याला जोर देतो. घोळ घालून ठेवणाऱ्याला ‘नाइस वर्क’ म्हटले, तर तो ‘छान दिवे लावलेत’ या जातीचा टोमणा असतो.

प्रस्तावक : मुक्कामाची चूक कबूल आहे. मात्र अर्थ बदलला ही माझी तक्रार नव्हती, तो पातळ झाला ही होती. शिफारसपत्रात उमेदवाराविषयी ‘नाइस’ एवढाच शब्द असेल, तर त्याच्या कामाबद्दल सांगण्याजोगे काही नाही, असेच वाचणारा समजेल.

प्रतिसाद १ : म्हणजे पत्र लिहिणाऱ्याला जे उघड लिहायचे नव्हते, ते या शब्दाने बरोबर पोहोचवले. अर्थ नसलेल्या शब्दाला हे कसे जमले, ते आता आपणच सांगावे.