मदत हवी आहे: पतसंस्थेचा ऑडिटर निवडताना फीशिवाय काय बघायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावातल्या नागरी पतसंस्थेवर मी गेल्या वर्षी संचालक म्हणून निवडून आले. पेशाने शिक्षिका आहे, ताळेबंद वाचायला आत्ता कुठे शिकतेय. सप्टेंबरात वार्षिक सभा आहे आणि ऑडिटर म्हणून कोणाचं नाव सभेपुढे ठेवायचं यावरून संचालक मंडळात दोन तट पडलेत.

सध्याच्या ऑडिटरांचं हे दुसरं वर्ष. सहकार कायद्याच्या कलम 75 प्रमाणे एकच ऑडिटर सलग तीन वर्षं नेमता येतो, म्हणजे त्यांना अजून एक वर्ष देता येईल. पण दुसरी एक फर्म जवळजवळ निम्म्या फीत काम करायला तयार आहे. तीही सरकारच्या नामतालिकेवरचीच, म्हणजे मान्य ऑडिटरांच्या यादीतली. अध्यक्ष म्हणतात, सही दोघांचीही चालते, मग जास्त पैसे का घालवायचे?

मला हे पटत नाही, कारण सध्याच्या ऑडिटरांचं काम मी जवळून पाहिलंय. मे महिन्यात त्यांच्याकडचा मुलगा पिग्मी एजंटला (दुकानांतून रोजची बचत गोळा करणाऱ्याला) न सांगता एकटाच बाजारपेठेत फिरला. दुकानादुकानांत खातेदारांची पासबुकं मागून आकडे उतरवून आणले. भाजीवाल्या मावशींच्या पासबुकात 14,300 रुपये, आमच्या संगणकात 11,900. अशी नऊ पासबुकं निघाली. एजंटकडून पैसे वसूल झाले. ऑफिसात बसून नुसती व्हाउचरं तपासली असती तर हे कधीच कळलं नसतं.

दुसरं म्हणजे मार्चअखेरचं नवं-जुनं. थकलेलं कर्ज 29-30 मार्चला नव्या कर्जातून भरून घ्यायचं, की खातं कागदावर नियमित. आमच्याकडे हे वर्षानुवर्षं चाललं होतं. त्यांनी सहा खाती पकडली, तरतूद करायला, म्हणजे बुडू शकणाऱ्या कर्जासाठी नफ्यातून रक्कम बाजूला काढायला लावली आणि संस्थेचा ऑडिट वर्ग ‘अ’चा ‘ब’ झाला. लाभांशही घटला. मंडळातला खरा राग यावर आहे, फी हे निमित्त.

स्पर्धेला माझा विरोध नाही. पण ज्यांचा कारभार तपासायचा तेच नाव सुचवणार असतील, तर चढाओढ कसून तपासण्याची न राहता सांभाळून घेण्याची होते, असं मला वाटतं. बँकेत निदान 5 लाखांपर्यंत ठेवीला विमा आहे, पतसंस्थेत तोही नाही. 2019 साली पीएमसी बँकेत 21 हजारांहून जास्त बनावट खाती निघाली आणि ठेवीदारांचे कसे हाल झाले, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

तर जाणकारांनी सांगा, निम्म्या फीत ऑडिट नीट होऊ शकतं का? आणि फर्म कशी पारखायची?

प्रतिसाद

ताई, बावीस वर्षं सहकारी संस्थांची ऑडिटं करतोय. ऑडिटचा दर्जा दोन गोष्टींवर ठरतो: चूक सापडणं आणि सापडलेली चूक अहवालात लिहिणं. ऑडिटच्या अभ्यासक लिंडा डिअँजेलो यांनी 1981 साली अशीच व्याख्या मांडली होती. पहिल्याला माणसं आणि दिवस लागतात, दुसऱ्याला काम गेलं तरी चालेल अशी तयारी. फी निम्मी झाली की आधी दिवस कमी होतात.

नव्या फर्मकडून लेखी घ्या: किती जण येणार, किती दिवस बसणार, शाखांत कोण जाणार. आधीच किती संस्था हातात आहेत तेही विचारा. कलम 81 प्रमाणे वर्षाला 20 पेक्षा जास्त घेता येत नाहीत (1 लाखापेक्षा कमी भागभांडवलाच्या सोडून). ते सीए असतील आणि जुने ऑडिटरही सीए असतील, तर नेमणूक स्वीकारण्याआधी त्यांना जुन्या ऑडिटरांना लेखी कळवावंच लागतं. ते पत्र गेलं का बघा.

आणि पिग्मीचे पैसे वसूल झाले म्हणून विषय मिटत नाही. हिशेबात गुन्हा झाल्याचा निष्कर्ष अहवालात असेल तर ऑडिटरने सहकार खात्याच्या निबंधकांना विशेष अहवाल द्यायचा आणि त्यांच्या लेखी परवानगीने फिर्याद करायची, हे कलम 81 मध्येच आहे. तुमच्या ऑडिटरांनी दिलाय का?

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. विशेष अहवालाचं मला ठाऊकच नव्हतं. सोमवारी सचिवांकडे फाईल मागते. तो दिलेला नसेल, तर याच ऑडिटरांची बाजू सभेत मी कशी मांडू?