राज्याचंच नाव असलेल्या अमेरिकन नद्या नेमक्या किती?

कोडेकर
अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या प्रश्नमंजूषेसाठी 'नाव एकच, राज्यही आणि नदीही' अशी फेरी तयार करतोय. समोर बसणारे तिथलेच, त्यामुळे चूक झाली तर जागच्या जागी पकडतील. माझी यादी 13 वर अडली आहे. तीन शंका आहेत. आकडा किती धरायचा? नदी आपल्या नावाच्या राज्यातून वाहते हे गृहीत धरायचं का? आणि बरोबरी झाल्यास 'मिसुरी किती लांब?' हा निर्णायक प्रश्न चालेल का?

पाणलोट
15 धरा. अलाबामा, आर्कान्सॉ, आयोवा, इलिनॉय, ओहायो, कनेटिकट, कॅन्सस, केंटकी, कोलोरॅडो, टेनेसी, डेलावेअर, मिनेसोटा, मिसिसिपी, मिसुरी, विस्कॉन्सिन. 13 वर अडलेल्यांच्या यादीत बहुधा आयोवा आणि केंटकी नसतात, कारण दोन्ही लहान आणि आपापल्या राज्यातच संपणाऱ्या.

नुसतं 'राज्याच्या नावाची नदी' म्हणालात तर मात्र वाद ठरलेला. फ्लोरिडा नावाची नदी आहे, पण ती कोलोरॅडो राज्यात, ॲनिमस नदीची उपनदी. मिशिगन नावाची नदीही कोलोरॅडोतच. ऑस्टिन शहरातून जाणारी टेक्ससची कोलोरॅडो वेगळीच, तिचा ग्रँड कॅन्यनशी काडीचा संबंध नाही. इलिनॉय नावाची एक नदी ओरेगनमध्येही आहे. म्हणून प्रश्नात 'त्याच नावाच्या राज्यातून किंवा त्याच्या हद्दीवरून वाहणारी' एवढे शब्द घालाच. मग फ्लोरिडा आणि मिशिगन आपोआप गळतात.

लांबी विचारू नका. उत्तर अमेरिकेतली सर्वांत लांब नदी मिसुरी, इथवर ठीक. पण मिसुरी आणि मिसिसिपी यांच्यातला फरक किती, हे कोणती मोजणी घेता त्यावर ठरतं. बोटींसाठी मिसुरीची वळणं कापून पात्र सरळ केलं, तेव्हा तिची लांबीच घटली. दोन पुस्तकांत दोन आकडे सापडणार आणि दोन्ही संघ आपापलं पुस्तक नाचवणार.

हद्दवाला
दुसऱ्या शंकेबद्दल. सरसकट गृहीत धरू नका, ओहायोवर तर हमखास घसराल. पिट्सबर्गला अ‍ॅलेगेनी आणि मोनोन्गहेला एकत्र येऊन ती सुरू होते, म्हणजे पेन्सिल्व्हेनियात. पुढे ती ओहायो राज्याच्या नुसत्या कडेनं जाते. केंटकीच्या बाजूला हद्द नदीच्या मध्यावरून जात नाही, ती उत्तर काठाला, म्हणजे ओहायोच्या दाराशी आहे. 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की 1792 साली, केंटकी राज्य झालं तेव्हा, उत्तर काठाला ओसरलेलं पाणी जिथपर्यंत होतं ती रेषा धरायची. नंतर धरणांमुळे पाणी चढलं आणि ती जुनी रेषा पाण्याखाली गेली. त्यामुळे ओहायोच्या वाट्याला काठालगत पाण्याची चिंचोळी पट्टी येते. 'ओहायो नदी ओहायो राज्यात अजिबात नाही' हे चटपटीत वाक्य म्हणूनच चूक आहे. प्रश्नात घेऊ नका.

डेलावेअरचं उलटं. तिथल्या न्यू कॅसल गावाभोवती 12 मैल त्रिज्येचं, हद्द ठरवणारं जुनं वर्तुळ आहे. त्या वर्तुळात नदीचं पात्र पार न्यू जर्सीच्या काठापर्यंत डेलावेअर राज्याचं, यावर 1934 मध्ये निकाल लागला.

नावगाव
आधी नदी की आधी राज्य, हा प्रश्न घ्या. बहुतेक ठिकाणी आधी नदी, पण गंमत कोलोरॅडोत आहे. राज्य 1876 चं. तेव्हा कोलोरॅडो हे नाव यूटामध्ये ग्रीन आणि ग्रँड या नद्यांच्या संगमापासून पुढेच चाले. रॉकी पर्वतातून येणारा वरचा प्रवाह ग्रँड म्हणून ओळखला जाई. म्हणजे कोलोरॅडो राज्यात कोलोरॅडो नदीच नव्हती! 1921 मध्ये अमेरिकन काँग्रेसनं ग्रँडचं नाव बदललं. ग्रँड जंक्शन गावाच्या नावात ती अजून शिल्लक आहे. मिनेसोटाही तशीच, इंग्रजी नकाशांत ती सेंट पीटर होती आणि 1852 मध्ये अधिकृतपणे मिनेसोटा झाली. प्रदेशाला मात्र ते नाव 1849 पासूनच होतं.

निर्णायक प्रश्न हवा तर 'कोलोरॅडो नदी कोलोरॅडोत कधी आली?' असा विचारा आणि 1921 च्या जवळचा आकडा जिंकेल असं आधीच सांगून ठेवा.

पाणलोट
टेनेसीही घ्या. नॉक्सव्हिलजवळ सुरू होते, खाली अलाबामात उतरते, मिसिसिपी राज्याचा कोपरा चाटून पुन्हा टेनेसीत शिरते, मग केंटकीत जाऊन पडुका गावाजवळ ओहायो नदीला मिळते. 'स्वतःच्या राज्यात दोनदा येणारी नदी कोणती?' याचं उत्तर नकाशा उघडला की दिसतं, वादाला जागा नाही.

आणि पाट्या देवनागरीत लिहिणार असाल तर आर्कान्सॉ सांभाळा. 1881 मध्ये त्या राज्याच्या विधिमंडळानं ठराव करून शेवटचा 'स' उच्चारायचा नाही असं ठरवलं. पण तीच नदी कॅन्ससमधून जाते आणि तिथले लोक तिला सर्रास आर्कॅन्झस म्हणतात. उत्तर तोंडी असेल तर दोन्ही मान्य करा.

कोडेकर
सगळ्यांचे आभार, लांबी रद्द. अजून एक तपासून द्या: संपूर्ण स्वतःच्याच राज्यात वाहणाऱ्या पाच मला मिळाल्या. अलाबामा, आयोवा, इलिनॉय, कॅन्सस, केंटकी. मिनेसोटा सहावी धरू का?

हद्दवाला
पाच बरोबर. मिनेसोटा बिग स्टोन तलावातून निघते आणि तो तलाव साउथ डकोटाच्या हद्दीवरच आहे, अर्धं पाणी पलीकडचं. कुणी सहावी सांगितली तर गुण कापू नका, पण उत्तरपत्रिकेत पाचच ठेवा.