मदत हवी आहे: लाकडी मुठीच्या घडीच्या चाकूचं फिनिश कसं पारखायचं? मुठीतली फट बनावटीची की हवेची?

संत्राबाग:

नमस्कार राजेहो,

वरूड तालुक्यात माझी संत्र्याची बाग आणि लहानशी रोपवाटिका आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळे बांधता बांधता कलमाच्या चाकूंचा नाद लागला. आता लाकडी मुठीचे, नखाने उघडायचे जुन्या धर्तीचे घडीचे चाकू जमवतो. बटण दाबून उघडणारे रामपुरी मला नकोत. दोन बाजूंना लाकडाच्या पट्ट्या, पाठीत पोलादी कमान (पातं घट्ट धरणारी स्प्रिंग), टोकाला पितळेची टोपी, असा साधा चाकू मला आवडतो.

अडचण आमच्या हवेची आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, दाराच्या फळ्यांमधून उजेड दिसायला लागतो. जुलै-ऑगस्टात तीच दारं चौकटीत अडकतात. चाकूंचंही तेच चाललंय. शिसवी मुठीच्या एका चाकूत उन्हाळ्यात लाकूड आत जातं आणि त्याखालच्या धातूच्या पत्र्याची कड अंगठ्याला लागते. पावसाळ्यात सगळं पुन्हा एका पातळीत येतं. दुसऱ्या चाकूला टोपी आणि लाकूड यांच्यामध्ये फट आहे, ती मात्र बाराही महिने तेवढीच असते. तिसऱ्याची मूठ बीच या परदेशी लाकडाच्या एकाच तुकड्याची, मधे खाच कोरून पातं बसवलेलं. श्रावणात ते इतकं घट्ट होतं की नखाने उघडतच नाही.

सध्या एका संग्राहकांकडून बऱ्यापैकी महाग चाकू घ्यायचा विचार आहे. त्यांनी फोटो पाठवलेत, लाकूड आरशासारखं चकाकतंय. पण चकाकी पॉलिशच्या चाकावर कुणीही आणतो. माझ्या मते चाकूचा कस लागतो तो लाकूड आणि धातू जिथे भेटतात त्या रेषेवर, आणि आमच्याकडचा एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर.

तर जाणकारांनी सांगावं: कोणती फट कारागिराची आणि कोणती हवेची, हे कसं ओळखायचं? फोटोवरून काय काय तपासता येईल? आणि मुठीला घाण्याचं जवसाचं तेल चालेल का? ते आमच्याकडे घरचंच असतं.

सुतारमेट:

मी चंद्रपूरकडचा, सुतारकाम करतो. चाकूतलं फार कळत नाही, लाकडापुरतं सांगतो.

लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. चाकूच्या पट्ट्यांत रेषा लांबीच्या दिशेने असतात, म्हणून मूठ रुंदीत आणि जाडीत कमी-जास्त होणार. तुमच्या पहिल्या चाकूची कड वर येते ती हवेमुळे. दुसऱ्याची फट टोपीजवळ, म्हणजे पट्टीच्या टोकाला आहे. त्या दिशेने लाकूड जवळजवळ आकसतच नाही, आणि ती बारा महिने तेवढीच राहते असं तुम्हीच लिहिलंय. ती कापतानाच राहिलेली आहे, तिचा दोष ऊन-पावसाला देऊ नका.

पट्टी बसवणाऱ्या खिळ्यातून निघून रेषेबरोबर धावणारी चीरही बघा. खिळा जास्त ठोकला तर ती पडते. लाकूड मुरलेलं, म्हणजे पुरतं वाळलेलं नसेल तर पुढे उन्हाळ्यात पडते. नव्या चाकूत केसाएवढी दिसली तरी घेऊ नका, ती वाढतच जाते.

एक कळकळीची विनंती. मे महिन्यात ती वर आलेली कड कानशीने घासून सपाट करू नका, पावसाळ्यात लाकूड धातूच्या वर येईल. घासायचंच असेल तर दिवाळीनंतर, हवा मधली असताना.

बीच फार हलतं. सागाच्या जवळपास दुप्पट आकसतं म्हणा ना. आलापल्लीच्या मुरलेल्या सागाच्या गाभ्याची मूठ कुणी करून दिली तर तुमचा निम्मा त्रास जाईल. गाभ्याबाहेरचं पांढरं लाकूड मात्र घेऊ नका.

पोलादप्रेमी:

सुतारमेट यांनी फटीचं अगदी नेमकं सांगितलं. मी बाकीचं लिहितो.

चाकू हातात असेल तर तो मिटून उजेडासमोर धरा. पाठीची कमान आणि बाजूचे पत्रे यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली तर जोडणी सैल आहे. मग पाठीवरून आडवं नख फिरवा. पातं मिटलेलं असताना आणि पूर्ण उघडं असताना कमान पत्र्यांच्या बरोबरीत हवी. चांगले कारागीर पातं अर्धं उघडं असतानाही ती बरोबरीत आणतात आणि संग्राहक त्याचेच पैसे मोजतात. मिटलेलं पातं दोन्ही पत्र्यांच्या मधोमध बसतंय का ते बघा. उघडलेलं पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा, हललं तर सांध्याचा खिळा ढिला आहे. उघडता-मिटताना खटका ठणठणीत यायला हवा, पण मिटताना धार आत कमानीवर आपटायला नको. आपटत असेल तर धारेवर एकाच जागी खाच सापडते, ती फोटोतही दिसते.

लायोल पद्धतीचा चाकू असेल तर कमानीवरची माशीच्या आकाराची नक्षी बघून घ्या. चांगल्या कामात ती कमानीच्याच पोलादातून घडवलेली असते, स्वस्तात वेगळी बनवून डकवतात. नुसत्या नावावर जाऊ नका. लायोल हे फ्रान्समधलं गाव, पण त्या नावाने जगभर कुठेही चाकू बनतात.

तिसरा चाकू ज्या घडणीचा आहे तिचा प्रसिद्ध नमुना म्हणजे फ्रान्सच्या साव्हा प्रांतातला ओपिनेल. तो १८९० पासून बनतोय, पातं अडकवणारी फिरती कडी १९५५ मध्ये आली. ओलाव्याने पातं अडकणं हा या घडणीचा स्वभावच आहे आणि साव्हाच्या लोकांनी त्यावर तोडही काढलीय. कडी असेल तर ती उघडी करायची आणि मुठीचं मागचं टोक लाकडी टेबलावर टपकन आपटायचं. पात्याचं टोक जरा वर येतं, मग ते धरून उघडायचं. कायमचा इलाज हवा तर पॉलिश पेपर पुठ्ठ्याला गुंडाळून खाच आतून किंचित घासा आणि आत तेल मुरवा. बाहेरून तेल लावून उपयोग नाही. कारखान्याचं वॉर्निश असेपर्यंत ते आत शिरत नाही.

अकोलेकर:

जवसाच्या तेलाबद्दल मले सांगू द्या, आमच्याकडे घाणाच होता.

घाण्याचं कच्चं तेल चालते, पण सुकायला लय दिवस घेते. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड जवस तेल मिळते, ते लवकर सुकते. कोणतंही लावा, पातळ हात मारा, पंधरा-वीस मिनिटांनी सगळं पुसून काढा, सुकलं की मग दुसरा हात. जाड थर दिला तर मूठ चिकट होते आणि तशीच राहते. तेलानं ओलावा थांबत नाही, त्याचं आत-बाहेर जाणं हळू होते एवढंच. तेवढंही आपल्या हवेत पुष्कळ.

आता हे नीट वाचा. जवस तेलानं भिजलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापते, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेते. आपल्या घरात वेचलेला कापूस साठवलेला असतो. चिंधी पाण्यात भिजवा, नाहीतर बाहेर मोकळ्या जागी पसरून वाळवा आणि मगच फेका.

संत्राबाग:

मनापासून आभार. चिंधीची गोष्ट माझ्या कानावर कधीच आली नव्हती. घरी सगळ्यांना वाचून दाखवली, रोपवाटिकेतल्या पोरांनाही सांगतो.

टोपीजवळच्या फटीचा गुंता सुटला. विकणाऱ्यांकडे आता हे फोटो मागतो: मिटलेला चाकू पाठीकडून, उजेडासमोर धरून, टोपी आणि लाकडाचा सांधा जवळून, दोन्ही बाजूंनी, प्रत्येक खिळा, आणि पूर्ण धार. चकाकी राहू द्या बाजूला.

एक उरलंच. त्या चाकूचं पातं कार्बन पोलादाचं आहे. संत्र्याच्या रसाने माझी बाकीची पाती काळपट झालीत, मला तो रंग आवडतो. पण संग्रहातल्या चाकूची त्याने किंमत उतरते का?

पोलादप्रेमी:

राखाडी, निळसर, काळा रंग चढला तर बिघडत नाही, उलट तो थर पोलादाला थोडा सांभाळतो. जुन्या चाकूवर तो असलेलाच बऱ्याच संग्राहकांना आवडतो. तो घासून पातं चकचकीत केलं तर किंमत उतरते. लाल गंज मात्र लगेच काढा, तो खोल खड्डे पाडतो. रसही पात्यावर वाळू देऊ नका, काम झालं की पाण्याने पुसून कोरडं करा.

कधीच न वापरलेला म्हणून घेणार असाल तर त्याने संत्रं कापू नका, वापरायला बाकीचे आहेतच. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खाण्याच्या वस्तू कापत असाल तर मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा. शेंगदाणा तेल घालू नका, पुढे चिकटून खटका मंदावतो.

सुतारमेट:

शक्य असेल तर दोनदा फोटो मागा, आत्ताचा आणि त्यांच्याकडे असेल तर गेल्या उन्हाळ्यातला. खिळ्याजवळ दोन्हींत चीर दिसली नाही तर लाकूड मुरलेलं असण्याची शक्यता जास्त.