मदत हवी आहे: क्रेउसा विष देते की विषाने मरते?

रानजाई
उद्या संध्याकाळी तालीम आहे, कृपया लवकर सांगा. ग्रीक-रोमन पुराणकथांतल्या क्रेउसावर एकपात्री प्रवेश लिहितेय. एका टिपणात ती विषारी वस्त्राने जळून मरते, दुसऱ्यात तीच कुणाला तरी विष द्यायला निघते. तिचा मुलगा आयॉन की अस्कानियस? खरं कुठलं?

पारवा
कुठल्या नाटकावरून लिहिताय ते सांगा आधी. आयॉनची आई असेल तर ती अथेन्सच्या एरेक्थियस राजाची मुलगी. ग्रीक नाटककार युरिपिडिसचं 'आयॉन' वाचा.

कातळ
त्यापेक्षा रोमन कवी व्हर्जिल वाचा. क्रेउसा म्हणजे ट्रॉयच्या प्रायम राजाची लेक, ट्रॉयचाच वीर एनियस याची बायको. जळत्या शहरात ती मागे राहते. तो शोधत परत येतो, तर समोर तिची छाया. तीनदा कवेत घ्यायला जातो, तिन्ही वेळा हात रिकामे. प्रवेश याच प्रसंगावर करा!

पारवा
त्यांनी विषाचं विचारलंय. तिचा विषाशी काय संबंध?

कातळ
अस्कानियसचंही विचारलंय. तो हिचाच.

सांजवात
त्यापेक्षा ऑर्फियसची बायको युरिडिसी घ्या, प्रेक्षकांना लगेच भिडते.

मैनाक
एकाच नावाचे दोघे आपल्याकडेही आहेतच की. शंतनूचा मुलगा चित्रांगद याला मारणारा गंधर्वही चित्रांगदच.

रानजाई
मला क्रेउसाच हवी आहे. आणि जळणारी ती, नवऱ्याच्या नव्या बायकोला विषारी वस्त्र पाठवणाऱ्या मीडियाच्या गोष्टीतली, हे वेगळं सांगायला हवं असं वाटलं नाही.

जुनी वही
तेच सांगायला हवं होतं. या तिघी वेगवेगळ्या. जळते ती करिंथच्या क्रेऑन राजाची मुलगी, मीडियाचा नवरा जेसन याची नवी बायको. युरिपिडिसच्या 'मीडिया'त (इ.स.पू. ४३१) तिला नावच नाही. रोमन नाटककार सेनेका तिला क्रेउसा म्हणतो, इतर काही ग्लाउकी. क्रेउसा म्हणजे जवळजवळ 'राणी'च, त्यामुळे कुठल्याही राजकन्येला ते नाव चिकटतं. विष द्यायला निघते ती अथेन्सची. अपोलो देवाने बळजबरी केल्यावर झालेलं बाळ तिने गुहेत सोडलेलं. पुढे अपोलोच्या डेल्फीच्या मंदिरात आयॉनला नवऱ्याचा अनौरस मुलगा समजून ती त्याच्यावर विषप्रयोग करवते. विष घातलेली दारू एक कबुतर पितं आणि मरतं, म्हणून तो वाचतो.

रानजाई
मग अथेन्सचीच घेते. पण हा आपलाच मुलगा, हे तिला कळतं कसं?

पारवा
बाळाला ठेवलेल्या टोपलीवरून. आत काय आहे ते ती न बघता सांगते: स्वतः मुलगी असताना विणलेलं, गॉर्गन राक्षसिणीचं चित्र असलेलं कापड, सोन्याचे साप आणि ऑलिव्हची माळ, इतक्या वर्षांनीही हिरवी.