मदत हवी आहे: जनरल सर्जरी सोडून अ‍ॅनेस्थेशियाला जायचंय, प्रोग्रॅम डायरेक्टरना कधी सांगू?

अमेरिकेत रेसिडेन्सी (स्पेशालिस्ट होण्याचं प्रशिक्षण) करणाऱ्या किंवा केलेल्या डॉक्टरांचा सल्ला हवा आहे. मी जनरल सर्जरीच्या पहिल्या वर्षाला आहे, सीट कॅटेगरिकल (म्हणजे सर्जरीच्या पूर्ण प्रशिक्षणाची), व्हिसा जे-1 (प्रशिक्षणासाठी येणाऱ्यांचा). जुलैत सुरुवात झाली, आता नोव्हेंबर आहे. मला अ‍ॅनेस्थेशियाला जायचंय. जावं की नाही हे माझ्यापुरतं जवळपास ठरलंय. अडलंय ते कसं जायचं आणि कुणाला आधी सांगायचं, इथे.

आधी कारण सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज येईल. कामाचे तास हे कारण नाही. आठवड्याला 80 तासांची मर्यादा चार आठवड्यांच्या सरासरीवर मोजतात, त्यामुळे एखादा आठवडा त्याच्या बराच वर जातो, हे येतानाच माहीत होतं. ओटीत राहायलाही मला आवडतं. पण रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं अवजार) धरून उभी असते तेव्हा माझं लक्ष पडद्याच्या पलीकडे असतं. रक्तस्राव वाढला की सर्जन क्लॅम्प मागतात आणि माझे डोळे मॉनिटरवर जातात. व्हेंटिलेटर तसाच चालू असताना श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची रेष एकदम खाली यायला लागली, तर बहुधा फुप्फुसांपर्यंत रक्त कमी पोचतंय. दंडावरच्या कफाचा पुढचा आकडा यायच्या आत भूलतज्ज्ञाने ते ओळखलेलं असतं आणि तिचे हात चालू झालेले असतात. मला ते काम करायचंय. रात्री वाचायला बसले की हर्नियाचं प्रकरण मिटून शॉक आणि एअरवेवरचंच वाचत राहते. आमच्या सीनियरला आतड्याचा जोड नीट बसला की जो आनंद होतो, तो तिच्या चेहऱ्यावर दिसतो. तसा आनंद मला टाके घालून होत नाही, आणि पुढची चार वर्षं त्याची वाट पाहावी असंही वाटत नाही.

आता व्यवहाराचं. अ‍ॅनेस्थेशिया एकूण चार वर्षांचं, त्यातलं पहिलं वर्ष सर्वसाधारण क्लिनिकल. सर्जरीचं हे वर्ष त्यात धरलं गेलं तर जुलैत थेट भुलेच्या पहिल्या वर्षाला जाता येईल. मॅचमध्ये (रेसिडेन्सीच्या जागांच्या देशभरच्या वाटपात) आधी प्रशिक्षण झालेल्या डॉक्टरांसाठी 'आर' प्रकारच्या जागा असतात, त्या त्याच वर्षी जुलैत सुरू होतात, पण त्या थोड्या. अर्जांचा हंगाम सप्टेंबरअखेरीसच सुरू झालाय. म्हणजे या मार्चच्या मॅचसाठी उशीर झालाय, आणि पुढच्या वर्षाची वाट पाहिली तर व्हिसाची भीती.

अडचण प्रोग्रॅम डायरेक्टरांची (आमच्या प्रशिक्षणाच्या प्रमुखांची) आहे. ते सरळ माणूस आहेत, मला शिकवायला मनापासून वेळ देतात. त्यांना आत्ता सांगितलं आणि कुठेच जागा मिळाली नाही, तर उरलेली वर्षं 'ही सोडून जाणार होती' या नजरेखाली काढावी लागतील का? आणि न सांगता अर्ज करणं मला जमेल असं वाटत नाही. घरी अजून बोललेले नाही. सर्जन होणार म्हणून आईने सगळ्यांना सांगून ठेवलंय, पण तो विषय इथे नको.

प्रतिसाद १

मी अ‍ॅनेस्थेशियात आहे, रेसिडेंट निवडीच्या मुलाखती घेते. न सांगता अर्ज करण्याचा विचार सोडूनच द्या. दुसरीकडून येणारा रेसिडेंट घेताना आम्हाला आधीच्या प्रोग्रॅमकडून झालेल्या प्रशिक्षणाची पडताळणी, मूल्यमापन आणि माइलस्टोन्स (प्रगतीच्या ठरलेल्या टप्प्यांची नोंद) मागवावेच लागतात, तो एसीजीएमईचा, म्हणजे रेसिडेन्सींना मान्यता देणाऱ्या संस्थेचा, नियम आहे. शिवाय अर्जात सध्याच्या डायरेक्टरांचं पत्र नसेल तर समितीत पहिला प्रश्न तोच येतो. पत्रात 'चांगली सर्जन झाली असती, आम्हाला तिला सोडायचं नव्हतं' एवढं असलं तरी पुष्कळ.

सर्जरीचं वर्ष धरलं जाईल का, हे गृहीत धरू नका. पायाच्या, म्हणजे त्या पहिल्या क्लिनिकल वर्षात इमर्जन्सी आणि आयसीयूचं काम लागतं. तुमच्या उरलेल्या वेळापत्रकात ते नसेल तर आत्ताच मागून घ्या, जूनमध्ये काही करता येत नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) रेसिडेंटमागे हॉस्पिटलला जे थेट पैसे देतं, ते पहिल्या स्पेशालिटीच्या किमान वर्षांपुरतं पूर्ण, त्यानंतर निम्मं. तुमची सुरुवात सर्जरीतून झाली, म्हणजे तुमच्या नावावर 5 वर्षं आहेत. एक सर्जरीचं आणि तीन भुलेची धरून चारच होतात. तीन वर्षांच्या मेडिसिनमधून आलेल्यांची इथे अडचण होऊ शकते, तुमची नाही.

प्रतिसाद २

व्हिसाकडे आधी बघा ताई, बाकी सगळं नंतर. जे-1 वर स्पेशालिटी एकदाच बदलता येते, आणि तीही जे-1 वर आल्यापासून दोन वर्षांच्या आत. पुढच्या वर्षीच्या मॅचमधून गेलात तर नवीन जागा सुरू होईल तेव्हा दोन वर्षं उलटत आलेली किंवा उलटलेली असतील. तुम्ही जूनमध्येच देशात आला असाल, तर काही दिवसांनीही गाडी चुकू शकते. तुमच्या हॉस्पिटलच्या जीएमई ऑफिसात (रेसिडेंट प्रशिक्षणाचं ऑफिस) ईसीएफएमजीशी, म्हणजे डॉक्टरांचा जे-1 प्रायोजित करणाऱ्या संस्थेशी, व्यवहार करणारी ट्रेनिंग प्रोग्रॅम लिएझन म्हणून एक व्यक्ती असते. तिच्याकडून तारखेचं उत्तर लेखी घ्या. मित्राने सांगितलं, ग्रुपवर वाचलं, यावर बसू नका.

दुसरं म्हणजे आपल्या आरोग्य मंत्रालयाचं 'स्टेटमेंट ऑफ नीड'. त्यात स्पेशालिटी लिहिलेली असते. तुमचं सर्जरीचं आहे, अ‍ॅनेस्थेशियासाठी नवं लागेल, आणि त्याला वेळ जातो. एकूण 7 वर्षांची मर्यादा तुम्हाला आड येत नाही, फेलोशिप धरूनही बसते.

प्रतिसाद ३

मी सर्जन आहे, तेव्हा माझं मत थोडं बाजूला ठेवून वाचा. तुम्ही शॉक, मॉनिटर, शरीरक्रिया याबद्दल लिहिलंय. हे सगळं सर्जिकल क्रिटिकल केअरमध्येही आहे, आणि ती फेलोशिप एका वर्षाची असते. तुमच्या ट्रॉमा आयसीयूतल्या सर्जनबरोबर एकदा बसलात का? तिथे गेल्यावर सर्जरीत राहावंसं वाटलं तर चांगलंच. नाही वाटलं, तर डायरेक्टरांच्या पुढे हेच सांगता येईल की मी तेही पाहून आले.

डायरेक्टरांना काय वाटेल म्हणाल, तर रेसिडेंटचा करार सहसा वर्षावर्षाचा असतो. आम्हाला त्रास होतो तो नूतनीकरण झाल्यावर मे-जूनमध्ये कळलं की. वेळेत कळलं तर आम्ही ती जागा भरायच्या मागे लागतो, आणि खरं सांगायचं तर ओळखीच्या भूलतज्ज्ञ डायरेक्टरला फोनही करतो. मधेच कुणी सोडून गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या कितीतरी जागांची बातमी अशीच फोनवरून फिरते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. लिएझनना आज मेल केली, देशात आल्याची तारीख आणि डीएस-2019 (जे-1 चं प्रमाणपत्र) जोडून. मंत्रालयाच्या कागदाची मला कल्पनाच नव्हती, त्याची माहिती काढतेय.

सर, क्रिटिकल केअरचा मुद्दा मला टाळायचा नाहीये. जानेवारीत माझं ट्रॉमा आयसीयू आहे. ते दोन आठवडे आधी मिळेल का, विचारलंय. पण तिथे पोचायला आधी सर्जरीची बरीच वर्षं काढावी लागतील, आणि त्या वर्षांतलं रोजचं काम ऑपरेशनचंच असणार. माझा प्रश्न तिथेच आहे.

डायरेक्टरांची वेळ मागितली, गुरुवारी भेट आहे. जागा मिळाली नाही तर सर्जरी पूर्ण मनाने करेन, हेही त्यांना त्याच वेळी सांगणार आहे, कारण ते खरं आहे.

कुणी 'आर' जागेवर किंवा मधेच रिकाम्या झालेल्या जागेवर गेलं असेल, तर मुलाखतीत आधीच्या स्पेशालिटीबद्दल नेमकं काय विचारलं, तेवढं कृपया लिहा.