वाल्देमार: नाव डेन्मार्कचं की कीव्हचं?

शब्दवेडा: माझ्या मते डॅनिश राजांचं 'वाल्देमार' म्हणजे कीव्हचं 'व्लादिमिर'च. आधीचे राजे बघा: हाराल्ड, स्वेन, क्नूद, ओलाफ, एरिक, नील्स. वाल्देमार एकही नाही. मग 7 जानेवारी 1131 ला हाराल्डस्टेडच्या रानात डॅनिश राजपुत्र क्नूद लावार्दचा खून होतो आणि 14 तारखेला त्याची विधवा इंगेबोर्ग बाळंत होते. ही कीव्हचा शासक म्स्तिस्लाव याची लेक. बाळाला तिच्या आजोबांचं, व्लादिमिर मोनोमाखचं नाव मिळतं. तोच पहिला वाल्देमार.

कोशकार: साफ अमान्य. 'वाल्द' म्हणजे सत्ता, 'मार' म्हणजे ख्यातनाम. दोन्ही पदं जर्मॅनिक, म्हणजे डॅनिश-जर्मन भाषांच्या कुळातली. पाचव्या शतकात ऑस्ट्रोगॉथ या जर्मॅनिक लोकांचा राजा वालामिर होताच. स्लाव्ह नावांच्या शेवटी येणारं 'मेर' हे त्या भाषांनी गॉथांकडून घेतलं असंही काही भाषातज्ज्ञ मानतात. घरचंच नाव उसनं कसं ठरवता? आणि कृपा करून 'जगाचा स्वामी' हा अर्थ कुणी आणू नका. जुन्या पूर्व स्लाव्ह लिखाणात नाव 'वोलोदिमेर' असं येतं. 'मिर' (शांतता, जग) या शब्दाशी त्याची सांगड नंतर घातली गेली.

शब्दवेडा: 'मिर'बद्दल तुमचं बरोबर. पण शब्दाची व्युत्पत्ती वेगळी आणि बारशाला नाव कुणावरून ठेवलं ते वेगळं. सागांमध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या कथांमध्ये, कीव्हच्या व्लादिमिरलाही 'वाल्दमार'च म्हटलंय, म्हणजे नॉर्स कानांना ही जोडी आधीपासून ठाऊक होती. शिवाय हे नाव लेकींच्या वाटेनं फिरलं. पहिल्या वाल्देमारची मुलगी रिकिसा स्वीडनची राणी झाली, तिची मुलगी पुन्हा इंगेबोर्ग, आणि तिचा मुलगा 1250 ते 1275 स्वीडनचा राजा: वाल्देमार.

तळटीप: सागांचा दाखला इथे चालणार नाही. हाती असलेल्या सागा बहुतेक तेराव्या शतकात लिहिल्या गेल्या. तोवर पहिला वाल्देमार (1157–1182) होऊन गेला होता आणि दुसरा 1202 ला गादीवर आला होता. लिहिणाऱ्यानं डॅनिश राजाच्या नावाचा साचा कीव्हच्या राजाला लावला नसेल कशावरून?

कोशकार: हेच म्हणतोय. लॅटिनमध्येही 'वाल्देमारुस'च लिहायचे, 'वोलोदिमेर'चा मागमूस नाही.

शब्दवेडा: सागा सोडल्या. लॅटिन रूप लेखनिकाच्या सवयीचं, ते नाव कुणावरून ठेवलं हे सांगत नाही. आजोळचा धागा मात्र तुटत नाही: पहिल्या वाल्देमारनं एका मुलीचं नावही आईवरून इंगेबोर्ग ठेवलं. 1193 मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपशी जिचं लग्न झालं, तीच ही.